दर चौथी सिगारेट बेकायदा? मोजली कुणी?

१ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवरचा जीएसटी ४० टक्के झाला आणि लांबीप्रमाणे हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क लागू झालं. तेव्हापासून माझ्या फोनवर एकच मेसेज फिरून फिरून येतोय. कर वाढला की चोरटा माल वाढतो, देशात आधीच दर चौथी सिगारेट बेकायदा आहे, म्हणजे सरकारचं नुकसान आणि स्मगलरची चंगळ. नात्यातल्यांनी पाठवला, जुन्या सहकाऱ्यांनी पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर एका सीए काकांनी तो टाकला आणि खाली पंधरा अंगठे उमटले. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की ‘दर चौथी’ हे मोजलं कुणी आणि कसं.

मी पुण्यात पाहणीच्या, म्हणजे सर्व्हेच्या कामात आहे. आधी दारोदार फॉर्म भरत फिरायचे, आता फिरणाऱ्या मुलामुलींवर देखरेख करते. साबण, शाळेतली हजेरी, रेशन, मतदारांचा कल, सगळं केलंय. मधल्या काळात तंबाखूची कामंही केली. त्यामुळे छापून आलेला कुठलाही टक्का पाहिला की तो ज्या फॉर्ममधून आला त्या फॉर्मकडे माझं लक्ष आधी जातं. भाजीचा भाव सांगणारा माणूस कुठल्या मंडईतला ते जसं आपण विचारतोच, तसं हे विचारायलाच हवं.

बेकायदा सिगारेट मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं, इथूनच घोळ सुरू होतो. एक माल बाहेरून चोरून येतो: इंडोनेशियाची लवंगवाली, कोरियाची बारीक स्लिम, म्यानमारच्या बाजूने ईशान्येत उतरणारी. दुसरा माल इथल्याच कारखान्यात तयार होतो आणि कर न भरता, बिलाविना बाजारात जातो. त्याचं पाकीट दिसायला अगदी कायदेशीर असतं. तिसरा नकली, नावाजलेल्या ब्रँडच्या वेष्टनात. आणि चौथा प्रकार तर बेकायदाच नाही. परदेशातून येणाऱ्याला शंभर सिगारेटी शुल्काशिवाय सोबत आणता येतात. गोव्याच्या किनाऱ्यावर पडलेलं परदेशी पाकीट चोरटंच असेल असं नाही, एखाद्या पर्यटकाने ते रीतसर आणलेलं असू शकतं. पाकिटं वेचून ‘परदेशी’ म्हणून मोजायची आणि अहवालात ‘बेकायदा’ म्हणून छापायची, एवढ्या एका उडीत टक्का फुगतो.

मोजण्याची मला सगळ्यात भरवशाची वाटलेली रीत म्हणजे रिकामी पाकिटं गोळा करणं. युरोपात ती रस्त्यावरून, कचराकुंडीतून वेचतात. आपल्याकडे ते जमत नाही, कारण आपला माणूस पाकीट घेतच नाही, एक सुटी घेतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी शेवटची खरेदी सुटीच केली होती. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली. दोरीला बांधलेला लायटर मात्र टपऱ्यांवर अजून लटकतोय. तर सुटी विकली की रिकामं पाकीट उरतं टपरीवाल्याकडे. भारतात मोजायचं असेल तर टपरीवर जायचं.

स्वारगेटच्या बाजूला एक टपरी आहे, तिथल्या काकांनी मला या धंद्याचं निम्मं शिक्षण दिलं.

“काका, रिकामी पाकिटं कुठं टाकता?”

“टाकायची कशाला? गोणीत भरतो. भंगारात जातात. काही ठेवतो, उधारी लिहायला.” त्यांनी फळीखालून पाकिटांचे फाडलेले पांढरे पुठ्ठे काढून दाखवले. आतल्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने नावं, समोर आकडे, काहींवर काट मारलेली. “तुम्हाला कशाला हवीत, ताई?”

“मोजायला.”

“मग आजची गोणी न्या. उद्याची उद्या.”

ती गोणी घरी ओतली की आधी वास येतो, मग चंदेरी कागद उडायला लागतात. वर्तमानपत्र पसरायचं आणि एकेक पाकीट हातात घ्यायचं. समोर-मागे ८५ टक्के जागेवर इशाऱ्याचं चित्र आहे का? २०१६ पासून ते सक्तीचं आहे. व्यसन सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा नंबर आहे का? तो २०१८ पासून आला. उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, महिना, एमआरपी? यातलं काही गायब असेल तर पाकीट बाजूच्या ढिगात. परदेशी चोरटा माल असा बहुतेक वेळा चेहऱ्यावरूनच ओळखू येतो.

इथला करबुडवा माल चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. त्याला भावाने पकडायचं. आजच्या दराने दहाच्या पाकिटावर नुसतं उत्पादन शुल्कच किमान साडेवीस रुपये होतं. ते सगळ्यात आखूड, बिनफिल्टरवालीचं. त्यावर जीएसटी, मग तंबाखू, कागद, पाकीट, मजुरी, होलसेलवाल्याचं आणि टपरीवाल्याचं कमिशन. तेव्हा दहाचं पाकीट कुणी वीस रुपयांना देत असेल तर त्यावर कर भरलेला असणं शक्यच नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन विद्यापीठातले अभ्यासक याच तत्त्वावर मोजतात: कराच्या रकमेपेक्षा विक्रीचा भाव कमी, तर माल दोन नंबरचा. सोपी, कुणालाही पडताळून पाहता येईल अशी कसोटी आहे ही, आणि मला ती फार आवडते.

आपल्याकडच्या शहरांत हे काम नीट केलंय ते रिजो जॉन आणि हाना रॉस या अर्थतज्ज्ञांनी. किरकोळ दुकानदारांकडची रिकामी पाकिटं गोळा करून, तपासून त्यांनी २०१८ मध्ये निष्कर्ष छापला: बेकायदा सिगारेटींचं प्रमाण २.७३ टक्के. उद्योगाच्या बाजूने वर्षानुवर्षं येणारा आकडा चौथ्या हिश्शाच्या आसपासचा. एक पावणेतीन, एक पंचवीस. मोजणीच्या चुकीने एवढं अंतर पडत नाही.

पावणेतीनचा आकडा हा शेवटचा शब्द आहे असं मी म्हणत नाही. तो शहरांतला आहे, दुकानांतला आहे आणि आता जुनाही झालाय. शिवाय टपरीच्या गोणीत एक माल कमी पडतोच. काकांनीच ते सांगितलं होतं. “फॉरेनवाली मी ठेवत नाही, दंड कोण भरणार. पण तिचं गिऱ्हाईक वेगळं, ताई. ते सुटी मागत नाही, पाकीटच नेतं.” पाकीट गिऱ्हाइकाच्या खिशात गेलं की गोणीत कुठून येणार? उलट रस्त्यावर वेचायला गेलात तर स्टेशन, कॉलेज, पबची गल्ली अशा जागी हाच माल जास्त सापडतो आणि आकडा वर जातो. प्रत्येक रीतीचा कल कुठे ना कुठे झुकलेला असतो. फरक असा, की जॉन-रॉस यांनी काय केलं ते लिहून ठेवलंय. उद्या मी हडपसरात तीच रीत वापरून त्यांना चूक ठरवू शकते. ‘दर चौथी’वाल्यांचा फॉर्म, नमुना, शहरं, यातलं काहीच मला कधी बघायला मिळालेलं नाही.

दुसरी एक रीत कागदावर फार शास्त्रशुद्ध दिसते. घरोघरी विचारून लोक किती सिगारेटी ओढतात ते काढायचं, सरकारकडे कर भरलेल्या सिगारेटी किती ते बघायचं, आणि मधली दरी ती बेकायदा. आता मी सांगते दारात काय होतं. आई आत पोहे करतेय, वडील पेपर वाचतायत, पंचविशीतला मुलगा माझ्यासमोर बसून सांगतो, “मी? नाही हो, कधीच नाही.” फॉर्म पूर्ण होतो. जिन्यात तो मागून येतो आणि हळूच म्हणतो, “मॅडम, दिवसाला चार-पाच होतात, पण तसं लिहू नका.” बायकांच्या बाबतीत तर जिन्यातलं बोलणंही होत नाही. म्हणजे खप कमी नोंदला जातो. या रीतीने कधीकधी कर भरलेल्या सिगारेटी ओढलेल्यांपेक्षा जास्त निघतात आणि बेकायदा व्यापार उणे येतो! पण एक गोष्ट खरी: लोक दर वेळी साधारण तेवढंच लपवतात. त्यामुळे तोच प्रश्न, त्याच रीतीने, काही वर्षांच्या अंतराने विचारला तर दरी वाढली की घटली हे कळतं, नेमकी किती ते कळलं नाही तरी. २००९-१० ची पाहणी देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली, २०१६-१७ ची टाटा समाजविज्ञान संस्थेने, ७४ हजारांहून जास्त माणसांशी बोलून. दोन्ही संस्था मुंबईतल्या. तिसरी फेरी जितकी लांबेल तितके आपण या बाबतीत आंधळे राहतो, आणि मला याचा खरोखर राग येतो.

जप्तीच्या बातम्यांवरून तर काहीच मोजता येत नाही. न्हावाशेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, कंटेनर उघडला, पुढे चिंच आणि मागे सिगारेटींचे खोके. त्या अधिकाऱ्यांचं काम मोलाचं आहेच. पण जप्ती दुप्पट झाली तर चोरटा माल दुप्पट झाला, की तपासणी दुप्पट झाली? बातमीत दोन्हीला एकच मथळा असतो.

आता कराकडे येते. कर वाढला म्हणून चोरी वाढली असं म्हणायचं असेल तर कर वाढत नव्हता तेव्हा काय होत होतं तेही बघायला हवं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. त्याच महिन्यात सेस थोडा वाढवला, मग २०२० आणि २०२३ च्या अर्थसंकल्पांत आपत्ती शुल्काच्या नावाने किरकोळ वाढ झाली. बाकी आठ-साडेआठ वर्षं सिगारेटवरचा कर जवळजवळ जागचा हलला नाही. पगार वाढले, महागाई वाढली, म्हणजे सिगारेट आणखी परवडायला लागली. किमतीत कराचा वाटा निम्म्याच्या आसपास राहिला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते तो निदान ७५ टक्के हवा. या सगळ्या काळात ‘चोरटा माल वाढतोय’ ही ओरड एक दिवस थांबली नाही. कर थांबलेला असताना जर चोरी वाढत असेल, तर तिचं कारण करात शोधून सापडणार नाही.

मग कुठे सापडेल? बंदरात, कारखान्याच्या गेटवर, वखारीत. ब्रिटनमध्ये सिगारेट जगातल्या सगळ्यात महागड्यांपैकी. २००० च्या सुमाराला तिथे साधारण पाचातली एक सिगारेट बेकायदा होती, असं त्यांचं करखातंच दरवर्षी मोजून, रीत सांगून छापतं. त्यांनी कर उतरवला नाही. बंदरांवर स्कॅनर लावले, तपासणीसाठी माणसं वाढवली. कर चढतच राहिला आणि पंधरा वर्षांत प्रमाण निम्म्यावर आलं. दक्षिण आफ्रिकेत उलटं घडलं. तिथे २०१४ नंतर करखात्यातली तपास पथकं मोडीत काढली गेली. निवृत्त न्यायमूर्ती रॉबर्ट नुजंट यांच्या आयोगाने २०१८ मध्ये त्या खात्याची कशी वाताहत झाली ते मांडलंय. कर हळूहळू वाढत असतानाही बेकायदा सिगारेट भराभर पसरली ती याच काळात. मग कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० विक्रीवरच बंदी आली, आणि दोन नंबरवाल्यांनी जो बाजार धरला तो बंदी उठल्यावरही सोडला नाही.

कॅनडाची गोष्ट तर मी प्रत्येक नव्या मुलाला प्रशिक्षणात सांगते. तस्करी वाढली म्हणून १९९४ मध्ये त्यांनी कर कापला. पुढे तपासात कळलं की कंपन्यांनी अमेरिकेला निर्यात केलेला मालच चोरवाटेने परत येत होता. २००८ मध्ये इम्पीरियल टोबॅको कॅनडा आणि रॉथमन्स, बेन्सन अँड हेजेस यांनी गुन्हा कबूल केला आणि दंड व तडजोड मिळून १ अब्ज १५ कोटी कॅनेडियन डॉलर भरायचं मान्य केलं. ज्यांच्या सांगण्यावरून धोरण बदलतं त्यांचं त्या बदलात काय हित आहे, हे विचारणं म्हणजे संशयखोरपणा नव्हे. पाहणीच्या कामात ती पहिली पायरी आहे.

आपल्याकडची परदेशी चोरटी सिगारेट घेणारा माणूस स्वस्त म्हणून घेतो, हेही मला टपरीवर फारसं दिसलं नाही. काकांच्या शब्दांत, “तिला चव आहे, बारीक आहे, हातात छान दिसते.” आणि पाकिटावर ते सडलेल्या तोंडाचं चित्र नाही. करामुळे गिऱ्हाईक तिकडे वळतं असं म्हणणाऱ्यांनी त्या गिऱ्हाइकाला एकदा तरी भेटावं.

एक गोष्ट या सगळ्या वादात कुणी काढतच नाही, ती म्हणजे विडी. त्याच २०१६-१७ च्या पाहणीत देशातले ४ टक्के प्रौढ सिगारेट ओढत होते आणि ७.७ टक्के विडी. जीएसटीच्या आधी वर्षाला वीस लाखांपर्यंत विड्या हाताने बनवणाऱ्याला उत्पादन शुल्क माफ होतं, त्यामुळे एकाच मालकाचे कागदोपत्री अनेक छोटे कारखाने होणं सोयीचं होतं. आता फेब्रुवारीत सिगारेट ४० टक्क्यांवर गेली तेव्हा विडी २८ वरून १८ वर आली. सोलापूरच्या, सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांचा विचार करून हे केलं असं सांगतात. सोलापुरात मी त्या घरांत फॉर्म भरलेत. हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी, तीही तंबाखू कमी भरला म्हणून माल बाजूला काढून कापलेली, आणि मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईचा खोकला. करातली सूट त्या सुपापर्यंत पोचताना मी पाहिली नाही. सिगारेट महाग झाली म्हणून माणूस वळणार असेल तर स्लिम कोरियन सिगारेटकडे नाही, या विडीकडे वळेल, आणि ते पूर्ण कायदेशीर असेल. महसुलाची आणि आरोग्याची खरी गळती मला इथे दिसते. ‘दर चौथी’च्या गोंगाटात ती ऐकू येत नाही.

बेकायदा व्यापार नाहीच, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. तो आहे, आणि त्याला आळा घालायची साधनंही आता आपल्या हातात आहेत. तंबाखूच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१२ मध्ये सोलमध्ये झाला, भारत त्यात जून २०१८ मध्ये सामील झाला. २०२५ च्या वित्त कायद्याने जीएसटीत मालावर ओळखचिन्ह लावून तो कारखान्यापासून पुढे माग काढण्याची तरतूद केली. प्रत्येक पाकिटावर न पुसता येणारी खूण, टपरीवर फोनने स्कॅन करता येईल अशी, एवढं झालं तर माझं गोणी ओतायचं काम निम्मं कमी होईल. पण ती खूण कोण छापणार, तिची माहिती कुणाच्या सर्व्हरवर राहणार, हे ठरवताना उत्पादकांना लांब ठेवायला हवं. तो करारही हेच सांगतो.

तोवर मोजत राहायचं. माझी सूचना साधी आहे. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजांनी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी आणि नंतर आपापल्या शहरातल्या टपऱ्यांवरची एका दिवसाची रिकामी पाकिटं गोळा करावीत. टपऱ्या चिठ्ठ्या टाकून निवडा, ओळखीच्या घेऊ नका. आदल्या दिवशी सांगून जाऊ नका, नाहीतर गोणी निवडून मिळते. पाकीटभर घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा रकाना ठेवा, कारण ती पाकिटं तुमच्या हाती लागणार नाहीत. विक्रीचा भाव एमआरपीवरून लिहू नका, सुटीचा भाव विचारा. कर वाढल्यावर एमआरपी काही पैशांनी, रुपयांनी हलते, टपरीवरची सुटी मात्र सरळ एक-दोन रुपयांच्या उडीने वर जाते आणि बहुतेक वेळा एमआरपीच्या वरच असते. विड्यांची बंडलंही मोजा. दुकानदाराचं नाव कुठेही लिहू नका. माझा फॉर्म तयार आहे, मराठीत, दोन पानी. कॉलेजचं नाव कळवा, पाठवून देते.